राजधानींतून बदली

लहरी व अव्यवहार्य हुकुमास ‘तुघलकी’ म्हणण्याचा प्रघात मराठींत रूढ आहे. एखाद्या सुलतानाचें नांव जवळजवळ सातशें वर्षांनंतरहि विशेषण होऊन लोकांच्या तोंडीं राहावें, ही गोष्ट सामान्य नव्हे. आणि ज्या कृत्यामुळें तें नांव मुख्यतः टिकलें, त्या कृत्याचा शेवट आमच्याच भूमीवर झाला आहे. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीचा राजदरबार, तेथील अंमलदार, विद्वान व सूफी यांसह देवगिरीस नेण्याचें योजिलें आणि देवगिरीचें दौलताबाद केलें. एका विक्षिप्त राजाचा विक्षिप्तपणा म्हणून आपण याकडे पाहतों आणि हंसून पुढें जातों. परंतु राजधानींत एकवटलेला सरकारी नोकरवर्ग दूरच्या प्रांतांत नेऊन बसविण्याचा हा उपाय तुघलकाबरोबर मेला नाहीं. विसाव्या शतकांत इंग्लंडनें तो अनेकदां केला. एकविसाव्या शतकांत अमेरिकेनें केला, आणि एकदां हात पोळल्यावर पुन्हां करण्याचें जाहीर केलें. तेव्हां अशा स्थलांतरांत काय हलतें आणि काय हलत नाहीं, हें शांतपणें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम दौलताबादच घेऊं. सुलतानाचा हेतु मूर्खपणाचा होता असें म्हणतां येत नाहीं. यादवांचें राज्य १३१८ मध्यें दिल्लीस जोडलें गेलें होतें. पण दिल्लीहून दक्षिणेचा कारभार चालविणें म्हणजे चाळीस दिवसांच्या मजलेवरून लगाम धरण्यासारखें होतें. दक्षिणेंत विश्वासू व जाणता वर्ग वसविल्यावांचून दक्षिण हातीं राहणार नाहीं, हा त्याचा तर्क बरोबर होता. वाटेची व्यवस्थाहि त्यानें केली होती. जाणाऱ्यांस प्रवासांत व पोहोंचल्यावर त्यानें उदारपणें देणग्या दिल्या, हें त्याच्यावर कठोर टीका करणारा बरनीहि कबूल करतो.

तरीहि ही योजना दंतकथा होऊन बसली. बरनी म्हणतो कीं दिल्लींत कुत्रें-मांजर उरलें नाहीं. १३३४ च्या सुमारास दिल्लीस आलेल्या इब्न बतूतानें एका आंधळ्यास फरफटत नेल्याची व त्याचा केवळ एक पाय दौलताबादेस पोहोंचल्याची ऐकींव गोष्ट लिहून ठेविली आहे. आधुनिक इतिहासकारांनीं या वर्णनांतील अतिशयोक्ति दाखवून दिली आहे. १३२७ व १३२८ या वर्षांचे संस्कृत शिलालेख दिल्लीच्या परिसरांत सांपडले आहेत. त्यांवरून शहर ओस पडलें नव्हतें, तेथील व्यापारी वर्ग नांदत होता, असें दिसतें. गेला तो मुख्यतः सरकारदरबाराशीं संबंध असलेला वरचा मुसलमान वर्ग. परंतु ज्यांच्यावर हुकूम बजावला गेला त्यांचें दुःख मात्र खरें होतें. १३५० मध्यें आपला इतिहासग्रंथ पुरा करणारा इसामी याच्या वृद्ध आजोबांनीं या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर प्राण सोडला, असें तो स्वतः सांगतो. त्याच्या लेखणींत पुढें जो कडवटपणा आढळतो, त्याचें एक मूळ येथें आहे.

कांहीं वर्षांतच सुलतानानें लोकांस दिल्लीस परतण्याची मोकळीक दिली आणि योजना फसली, असें आपण शाळेंत शिकतों. पण सगळे परतले नाहींत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवि अमीर हसन सिज्झी हे दिल्लीचे. त्यांच्या कबरी खुलदाबादेस आहेत. आणि १३४७ मध्यें दौलताबादेसच दिल्लीविरुद्ध उठावणी होऊन बहामनी राज्याची स्थापना झाली. म्हणजे दक्षिण दिल्लीच्या हातीं राहावी म्हणून जो डाव मांडला होता, त्यानंतर वीस वर्षांच्या आंत दक्षिण दिल्लीच्या हातून गेली. इसामीनें आपला ग्रंथ अर्पण केला तो या नव्या बहामनी सुलतानास. यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सुलतानानें माणसें हलविलीं, पण अंतिम अधिकार आपल्या हातीं ठेविला. दूरच्या ठिकाणीं रुजलेल्या माणसांनीं पुढें तो अधिकार स्वतःच घेतला.

आतां इंग्लंडकडे वळूं. तेथील स्थलांतरांचा आरंभ एका अशा कारणानें झाला कीं ज्याबद्दल कोणाच्याहि मनांत शंका नव्हती. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच लंडनवर बाँबवर्षाव होणार या भयानें नौदलखात्याच्या कचेऱ्या बाथ शहरीं गेल्या. १९४० मध्यें अन्नखातें वेल्सच्या किनाऱ्यावरील कॉल्विन बे या हवा खाण्याच्या गांवीं गेलें. सुट्टींत लोक जेथें उतरत, त्या हॉटेलांच्या खोल्यांत कारकुनांचीं मेजें मांडलीं गेलीं, आणि साऱ्या देशाच्या शिधावाटपाचा पुष्कळसा कारभार तेथून चालला. मंत्री लंडनलाच राहिले. गैरसोय बरीच झाली. पण नोकरवर्गानें ती सोसली, कारण ती कां सोसावयाची हें प्रत्येकास ठाऊक होतें. बाथमध्यें तर नौदलाच्या कचेऱ्या युद्ध संपल्यावरहि कित्येक दशकें राहिल्या.

युद्धानंतर कारण बदललें. लंडनमधील जागा महाग, तेथील गर्दी असह्य, आणि कोळशाच्या व जहाजबांधणीच्या जुन्या धंद्यांना उतरती कळा लागल्यामुळें वेल्स, स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथें बेकारी वाढत चाललेली. तेव्हां सरकारी कचेऱ्या तिकडे न्याव्या, हा विचार पुढें आला. १९६३ चा फ्लेमिंग यांचा, १९७३ चा हार्डमन यांचा व २००४ चा लायन्स यांचा, असे एकामागून एक अहवाल झाले. यांपैकीं शेवटच्यानें सुमारें वीस हजार जागा लंडन व आग्नेय इंग्लंड यांच्या बाहेर नेण्याची शिफारस केली. अशा कांहीं कचेऱ्या नव्या ठिकाणीं उत्तम रुजल्या. वेल्समधील स्वान्सी येथील मोटारपरवान्यांची कचेरी याचें ठळक उदाहरण. पूर्वी हें काम ठिकठिकाणच्या स्थानिक संस्था करीत असत. तें एकत्र करून स्वान्सीस नव्यानें उभारलें गेलें, आणि तेथेंच माणसें घेऊन तेथेंच तीं तयार केलीं गेलीं. म्हणजे हें खऱ्या अर्थानें स्थलांतर नव्हतेंच. ती एक नवी लागवड होती.

याच्या उलट उदाहरण म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कचेरी. देशाचें उत्पन्न किती, महागाई किती वाढली, बेकार किती, याचे आंकडे काढणारें हें खातें लायन्स यांच्या अहवालानंतर लंडनहून वेल्समधील न्यूपोर्ट येथें गेलें. न्यूपोर्टला त्या खात्याची एक शाखा पूर्वीपासून होती, त्यामुळें इमारत व व्यवस्था यांची अडचण नव्हती. पण लंडनमधील दहांपैकीं सुमारें नऊ नोकरांनीं तेथें जाण्याचें नाकारलें. याचा परिणाम एका दिवसांत दिसला नाहीं. आंकडे ठराविक तारखेस प्रसिद्ध होतच होते. परंतु २०१६ मध्यें सर चार्ल्स बीन यांनीं देशाच्या आर्थिक आंकडेवारीची जी चौकशी केली तींत स्पष्ट म्हटलें कीं, या स्थलांतरामुळें जें जाणतेपण गमावलें गेलें त्यानें खात्याच्या कर्तृत्वास व त्याच्या कामाच्या गुणवत्तेस मोठा धक्का पोहोंचला. जागेच्या भाड्यांत झालेली बचत त्याच वर्षी जमाखर्चांत दिसते. पण जाणत्या माणसांच्या जाण्यानें झालेलें नुकसान दिसूं लागण्यास दहा वर्षें लागतात. असल्या योजना कागदावर नेहमीं किफायतशीर कां दिसतात, त्याचें एक कारण हें आहे.

अमेरिकेचें उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे, कारण तेथें हेतूचाच प्रश्न उपस्थित झाला. त्या देशांत सरकारच्या मालकीची विस्तीर्ण जमीन आहे. ती सांभाळणारें ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हें खातें १९४६ मध्यें स्थापन झालें. त्याच्याकडे सुमारें साडेचोवीस कोटी एकर जमीन असून ती बहुतेक सर्व पश्चिमेकडील राज्यांत आहे. राजधानी वॉशिंग्टन पूर्व किनाऱ्याला. तेव्हां मुख्य कचेरी जमिनीजवळ असावी, गुरें चारणाऱ्यांचीं व खाणवाल्यांचीं गाऱ्हाणीं तेथेंच ऐकलीं जावीं, हें म्हणणें वरवर पाहतां पटण्याजोगें होतें. जुलै २०१९ मध्यें सरकारनें जाहीर केलें कीं, मुख्य कचेरी कोलोरॅडो राज्यांतील ग्रँड जंक्शन या लहान शहरीं जाईल आणि वॉशिंग्टनमधील बहुतेक जागा पश्चिमेंत ठिकठिकाणीं वांटल्या जातील. परंतु या युक्तिवादांत एक गोम होती. त्या खात्याचे शेंकडा पंचाण्णवांहून अधिक नोकर अगोदरपासूनच पश्चिमेंत काम करीत होते. वॉशिंग्टनमध्यें जे थोडके राहत, त्यांचें काम रानांतलें नव्हतेंच. काँग्रेसच्या समित्यांपुढें उत्तरें देणें, अंदाजपत्रक मांडणें, इतर खात्यांशीं तंटे मिटविणें, हीं कामें राजधानींतच व्हावयाचीं. त्या माणसांस दोन हजार मैलांवर पाठविल्यानें खातें जमिनीजवळ गेलें नाहीं. जेथें जमिनीचा निर्णय होतो त्या जागेपासून मात्र तें दूर गेलें.

परिणाम आंकड्यांतच पाहावा. वॉशिंग्टनबाहेर न्यावयाच्या जागा ३२८ होत्या. त्यांवरील २८७ जणांनीं निवृत्ति घेतली किंवा दुसरी नोकरी धरली. ४१ जण बदलीच्या ठिकाणीं गेले. आणि ज्या शहराला मुख्य कचेरीचा मान मिळाला त्या ग्रँड जंक्शनला पोहोंचले ते अवघे तिघे. काँग्रेसच्या वतीनें सरकारी कारभार तपासणाऱ्या कचेरीनें २०२१ मध्यें असेंहि नमूद केलें कीं, मुख्य कचेरींतील कृष्णवर्णीय नोकरांची संख्या या काळांत निम्म्याहूनहि खालीं आली. सप्टेंबर २०२१ मध्यें नव्या सरकारनें मुख्य कचेरी वॉशिंग्टनला परत आणण्याचें ठरविलें. हुकूम फिरविणें सोपें होतें. पण गेलेलीं माणसें हुकुमानें परत येत नाहींत.

याच सुमारास शेतीखात्यांतहि असाच प्रकार घडला. या खात्यांत ‘इकॉनॉमिक रिसर्च सर्व्हिस’ नांवाची अर्थशास्त्रज्ञांची एक संस्था १९६१ पासून आहे. पिकांचे भाव, शेतकऱ्यांचें उत्पन्न, गरिबांस मिळणारी अन्नमदत, परदेशी व्यापाराचे परिणाम, यांचा अभ्यास करून निष्कर्ष प्रसिद्ध करणें हें तिचें काम. आणि निष्कर्ष सरकारास रुचोत वा न रुचोत, ते जसे निघतील तसे मांडणें हीच तिची प्रतिष्ठा. ऑगस्ट २०१८ मध्यें शेतीमंत्री सनी पर्ड्यू यांनीं ही संस्था व शेतीसंशोधनास अनुदान देणारी दुसरी एक संस्था वॉशिंग्टनबाहेर नेण्याचें जाहीर केलें. जून २०१९ मध्यें कॅन्सस सिटी हें ठिकाण ठरलें. तें जाहीर करण्यास मंत्री आले तेव्हां सभेंतील कांहीं नोकर उठून उभे राहिले व त्यांनीं मंत्र्यांकडे पाठ केली. यावयाचें कीं नाहीं हें कळविण्यास सुमारें एक महिन्याची मुदत होती. जुलैच्या मध्यास जे आंकडे बाहेर आले, त्यांप्रमाणें दोन्ही संस्थांतील १४५ जणांनीं होकार दिला. २५० जणांनीं नकार दिला किंवा उत्तरच दिलें नाहीं.

सरकारचें म्हणणें असें कीं, शेतीखातें शेतकऱ्यांजवळ असावें, आणि खर्चहि वांचावा. हीं कारणें वाईट नाहींत. पण पुढील महिन्यांत अध्यक्षांच्या कचेरीचे प्रभारी प्रमुख मिक मुल्व्हेनी यांनीं आपल्या पक्षाच्या एका मेजवानींत जें भाषण केलें त्यानें पडदा दूर झाला. सरकारी नोकरास काढून टाकणें जवळजवळ अशक्य असतें, परंतु राजधानी सोडून दूर जा असें सांगितलें तर माणसें आपण होऊन नोकरी सोडतात, आणि सरकारचा पसारा आटोपशीर करण्याचा हा नामी मार्ग आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. यावर भाष्याची गरज नाहीं. पुढें तपासणी-कचेरीच्या २०२२ मधील अहवालांवरून दिसून आलें कीं, माणसें सोडून जातील व कामांत खंड पडेल याची किंमत मूळ हिशेबांत नीट धरलेलीच नव्हती. दोन वर्षांनंतर या संस्थांत बहुसंख्य नोकर नवखे होते. अर्थशास्त्रीय संस्थेचे महत्त्वाचे अहवाल कमी निघाले, आणि अनुदानाचे अर्ज निकालांत काढण्यास अधिक वेळ लागूं लागला. इतकें होऊनहि जुलै २०२५ मध्यें त्याच शेतीखात्यानें वॉशिंग्टन परिसरांतील सुमारें ४,६०० नोकरांपैकीं २,६०० जणांस देशांतील पांच शहरीं पाठविण्याची नवी योजना जाहीर केली.

‘बदली’ हा शब्द आपल्याकडील प्रत्येक सरकारी नोकराच्या घरांत परिचयाचा आहे. सोयीच्या ठिकाणीं झालेली बदली ही कृपा, आणि गैरसोयीच्या ठिकाणीं झालेली बदली ही न सांगितलेली शिक्षा, हें आपल्याकडे कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. अमेरिकेंत घडलें तें याचेंच मोठें रूप. एका माणसाऐवजीं सबंध खात्याची बदली झाली. आणि शिक्षेचें कारण उघड सांगितलें नाहीं म्हणजे तिच्याविरुद्ध दादहि मागतां येत नाहीं, हा या युक्तीचा सर्वांत वाईट भाग होय. एखादें खातें नको असेल तर तसें कायदेमंडळापुढें सांगून तें बंद करण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारास आहे. त्याची चर्चा होईल, बाजू मांडल्या जातील, मतें पडतील. पण खातें ठेवावयाचें आणि त्यांतील जाणतीं माणसें मात्र जातील असें करावयाचें, यांत नुकसान होतें तें नोकरांइतकेंच लोकांचें. कारण सरकारास अप्रिय सत्य सांगणारे लोक सरकारच्याच पदरीं असणें, ही लोकशाहींतील एक दुर्मिळ सोय आहे, आणि ती फार सावकाश निर्माण होते.

तथापि राजधानीचा पक्ष घेण्याचा आमचा हेतु नाहीं. राजधानी सगळें स्वतःकडे ओढते, ही प्रांतांची तक्रार जुनी आहे व खरी आहे. ती महाराष्ट्रासहि नवी नाहीं. १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी असलेलें नागपूर १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राजधानी राहिलें नाहीं. त्यापूर्वीच, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत, सरकारनें दरवर्षी ठराविक काळ नागपुरास बसावें व विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन तेथें भरावें, असें ठरलें होतें. १९६० नंतर हिवाळी अधिवेशनाची प्रथा पडली ती यावरूनच. मंत्री, सचिव, कारकून व दप्तरें हीं थोड्या दिवसांकरितां नागपुरास जातात आणि परत मुंबईस येतात. पण त्या करारांत केवळ अधिवेशनाचें कलम नव्हतें. विकासाचा खर्च, शिक्षणाच्या सोयी आणि सरकारी नोकऱ्या यांत प्रत्येक विभागास योग्य वांटा मिळावा, हेंहि त्यांत होतें. विदर्भाचें गाऱ्हाणें इतकीं वर्षें चालत राहिलें तें अधिवेशन भरलें कीं नाहीं याबद्दल नव्हे, तर या दुसऱ्या गोष्टींबद्दल. कचेरी चार दिवस जवळ आल्यानें निर्णय जवळ येतोच असें नाहीं.

या सर्व उदाहरणांचा मेळ घातला तर एक गोष्ट निर्विवाद दिसते. कचेरी म्हणजे इमारत नव्हे आणि दप्तरहि नव्हे. कोणता कागद कशासाठीं लिहिला गेला, मागच्या खेपेस कोठें चुकलें, अमुक आंकड्यावर कितपत विसंबावें, हें ज्यांच्या मनांत साठलेलें असतें त्या माणसांची ती मिळून झालेली स्मृति होय. गाड्यांत भरून नेतां येतें तें दप्तर. स्मृति माणसाच्या पायांनींच चालत जाते, आणि तो न गेल्यास जेथल्या तेथें विरून जाते. चौदाव्या शतकांतील माणसास नकार देण्याची सोय नव्हती, म्हणून दिल्लीचें जाणतेपण दौलताबादेस पोहोंचलें व तेथें त्यानें एक नवें राज्य उभें केलें. आजच्या नोकरास राजीनामा देतां येतो. म्हणून आजच्या हुकुमानें कॅन्सस सिटीस व ग्रँड जंक्शनला पोहोंचल्या त्या बहुतांशीं रिकाम्या खुर्च्या.

म्हणून अशी योजना पुढें आली म्हणजे भाड्यांतील बचतीच्या आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. निर्णयाचा अधिकार कचेरीबरोबर जाणार आहे काय, हें प्रथम विचारावें. तो राजधानींतच राहणार असेल तर प्रांतास मिळते ती केवळ इमारत. काम नवें असेल तर तें प्रांतांतच सुरू करावें व तेथल्याच तरुणांस तयार करावें; स्वान्सीचा धडा तो आहे. काम जुनें असेल तर त्यांतील माणसांस पुरेसा काळ द्यावा, त्यांच्या मुलाबाळांची व घरांतील दुसऱ्या कमावत्या माणसाची सोय पाहावी, आणि कारण काय तें त्यांस खरें सांगावें. कॉल्विन बे येथें हॉटेलाच्या खोलींत बसून शिधापत्रिकांचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनास तें खरें सांगितलेलें होतें. खरें कारण सांगण्याची ज्या सरकारास सोय वाटत नाहीं, त्याच्या योजनेस आमच्या भाषेंत शब्द आहेच. आणि जुन्या सुलतानाच्या बाजूनें एवढें तर म्हटलेंच पाहिजे कीं, त्याच्या हुकुमामागें निदान माणसें मुक्कामास पोहोंचावीं अशी इच्छा होती.